मनातल्या मनात चाललेला खटला

लिहिणाऱ्यांचे प्रश्न : या वेळचा विषय, अबोल ध्येयवादी खलनायक

खलनायकावर प्रश्न मागवले तेव्हा गुंड, सावकार, सासू यांच्याबद्दल पत्रं येतील असं वाटलं होतं. मुंबईतून आलेल्या पत्रांत मात्र वेगळाच माणूस पुन्हा पुन्हा भेटला. कमी बोलणारा, हळवा, तत्त्वाचा पक्का, आणि तरीही शेवटी कुणाचं तरी वाटोळं करणारा. काहींनी त्याला आयएनएफपी किंवा आयएनएफजे (व्यक्तिमत्त्वाच्या एका लोकप्रिय चाचणीतले दोन अंतर्मुख प्रकार) म्हटलं आहे, काहींनी नुसतं ‘साधा मुलगा’. त्यातली सहा पत्रं आणि त्यांची उत्तरं.

माझ्या एकांकिकेत गिरगावातल्या एका चाळीत वाचनालय चालवणारा अबोल मुलगा आहे. चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे आणि सगळ्यांनी एकत्रच राहावं, कुणी पैसे घेऊन फुटू नये, हे त्याचं स्वप्न. सुरुवातीला तो सगळ्यांचा लाडका. शेवटी तो चौदा नंबरच्या खोलीतल्या कुटुंबाचा घात करतो. प्राथमिक फेरीत परीक्षक म्हणाले, ‘हा अचानक वाईट कसा झाला?’ म्हणून मी मध्ये त्याचा अपमान होण्याचा प्रसंग घातला. तरी तेच ऐकावं लागलं. एकांकिका ४० मिनिटांची आहे. संहिता सोबत पाठवली आहे.
(एक वाचक, दादर)

अपमानाचा प्रसंग आधी काढून टाका. गोंधळ तिथेच झाला आहे. अपमानाने पेटणारा माणूस स्वतःच्या मानासाठी सूड घेतो. तो वेगळा खलनायक, आणि प्रेक्षकांच्या चांगला ओळखीचा. तुमचा ग्रंथपाल स्वतःवरचा वार गिळू शकतो. ज्या गोष्टीवर त्याने जीव टाकला, ती आपल्याच माणसाने जाता जाता सोडून द्यावी, हे मात्र त्याला गिळता येत नाही.

शिवाय असा माणूस भांडत नाही. भांडला असता तर वाचला असता, कारण भांडणात समोरचा उत्तर देतो. हा गप्प घरी जातो आणि मनातल्या मनात खटला चालवतो. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच. ज्याच्यावर खटला आहे त्याला साधं समन्ससुद्धा जात नाही. तुमच्या संहितेत हा खटला कुठेच दिसत नाही, म्हणून निकाल ‘अचानक’ वाटतो.

कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर लिहिताना हे जवळजवळ असंच मांडलं आहे. भावना आत वळलेल्या माणसाचा तोल गेला की त्याला वाटू लागतं, लोक माझ्याबद्दल वाईट विचार करतायत, काहीतरी शिजवतायत. ते हाणून पाडायला मग तो स्वतःच संशय घेतो, लोकांना चाचपून बघतो, उलटा डाव रचतो. म्हणजे कट आधी याच्या डोक्यात असतो आणि मग बाहेर येतो. तुमच्या एकांकिकेचा मधला भाग हा प्रवास दाखवण्यासाठी आहे.

त्यासाठी एक न विचारलेला प्रश्न शोधा. तुमच्या कथेत तो तयारच आहे. चौदा नंबरच्या काकूंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे, म्हणून काका खोलीचे पैसे घेऊन निघायच्या विचारात आहेत. ग्रंथपालाला हे माहीत नाही. त्याला दिसतो तो फक्त त्यांच्या टेबलावरचा, बिल्डरच्या माणसाने आणलेला पेढ्यांचा बॉक्स. दोन दारं ओलांडून ‘काका, का जाताय?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो विचारत नाही. हे न विचारणं प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडू द्या: तो दारापर्यंत जातो, बॉक्स बघतो, परत फिरतो. याहून जास्त काही नको.

मिनिटांचा हिशेब असा ठेवून बघा. पहिली आठ मिनिटं त्याच्या ध्येयाची, पण भाषणातून नाही, कष्टातून. तो रात्री फाटकी पुस्तकं बांधतोय, एका पोराचा उशिराचा दंड स्वतःच्या खिशातून भरतोय. आठ ते पंधरा या वेळात कुणीतरी जवळचा त्याला दिलेला शब्द सहज मोडतो. पंधरा ते बावीस हा पेढ्यांच्या बॉक्सचा भाग. बावीस ते छत्तीस हा उतार, आणि शेवटची चार मिनिटं परिणामाला. आत्ता तुमच्याकडे उताराला पाचच मिनिटं आहेत. चौदा करा, बाकीच्या तक्रारी त्यातच मिटतील.

उतारावर तीन पायऱ्या पुरतात, आणि त्यांचा क्रम बदलू नका: न सांगणं, लपवणं, रचणं. सभेची वेळ बदलल्याचं तो चौदा नंबरला सांगत नाही. मग पोस्टमनने वाचनालयात टाकलेलं त्यांचं पत्र रजिस्टरमध्ये ठेवतो आणि ते तिथेच राहतं. शेवटी निनावी पत्र लिहितो की यांची भाडेपावती खोटी आहे. पागडीच्या चाळीत भाडेपावती हा खोलीवरच्या हक्काचा पहिला पुरावा असतो, त्यामुळे या एका ओळीने ते कुटुंब टांगणीला लागतं. पहिल्या दोन पायऱ्यांवरून त्याला परत फिरता आलं पाहिजे, आणि तशी संधी खुद्द काकांनीच द्यावी. काका वाचनालयात येतात, ‘दोन मिनिटं बोलायचं होतं रे,’ म्हणतात, आणि हा शिक्का मारता मारता ‘उद्या या ना काका’ म्हणतो. नाटकाचा कणा हे वाक्य आहे.

आता संवाद. तुमच्या संहितेत तो ओरडतो, ‘तुम्ही सगळे स्वार्थी आहात! आता बघा मी काय करतो ते!’ हे त्याच्या तोंडी बसत नाही. त्याऐवजी हे करून बघा:

– काका, तुमच्याकडे दोन पुस्तकं राहिलीत. जायच्या आधी परत करा.
– जायच्या आधी? आम्ही जातोय हे तुला कोणी सांगितलं?
– (शिक्का मारत) तारीख उलटून गेलीय.

राग कुठेच नाही, पण निकाल लागलेला आहे. ‘तारीख उलटून गेलीय’ हे पुस्तकांबद्दलही आहे आणि काकांबद्दलही.

त्याच्या शब्दांवरही नजर ठेवा. माणसं स्वतःला वाईट न मानता वाईट कसं करतात, याच्या आठ तऱ्हा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी सांगितल्या आहेत. चाळीस मिनिटांत त्यातल्या तीनच घ्या. एक, माणसाचं नाव काढून घेणं: ‘काका’चे ‘चौदा नंबर’ होतात, पुढे ‘ती लोकं’. दोन, तुलना: ‘बिल्डरने गुंड पाठवले असते, मी फक्त पत्र टाकलं.’ तीन, मऊ शब्द: घर जाण्याला तो ‘यादीतून वगळणं’ म्हणू लागतो. संहितेत प्रत्येक उल्लेखाखाली पेन्सिलीने रेघ मारा. हाक कोणत्या पानावर बदलते ते तुम्हाला नेमकं सांगता आलं पाहिजे.

एक वस्तूही सुचवतो. जुने पुस्तकबांधणीवाले मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. प्रमाण जास्त झालं की खळीला निळसर झाक येते. पहिल्या प्रवेशात तो ही खळ शिजवताना दिसू द्या. निनावी पत्राचं पाकीट त्याच खळीने चिकटवलेलं असू द्या. शेवटी काका पाकीट उजेडात धरतात, कडेची निळसर रेघ बघतात, आणि घरातल्या वाचनालयाच्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडतात. कबुलीजबाबाची गरजच उरत नाही. मात्र मोरचूद विषारी असतो. रंगमंचावर नुसती मैद्याची खळ आणि त्यात थेंबभर निळी शाई वापरा. आणि त्या क्षणी लाल प्रकाश टाकू नका. चाळीतला तोच पिवळा बल्ब राहू द्या.

आयएनएफपी आणि आयएनएफजे यांत एकाच अक्षराचा फरक. खलनायक म्हणून दोघं वेगळे कसे लिहायचे? मी कादंबरी लिहिते आहे.
(एक वाचक, बोरिवली)

अक्षर एक, पण आतली मांडणी पूर्ण वेगळी. चार जोड्यांतून सोळा प्रकार करणारी ही पद्धत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंग यांच्या विचारांवर उभी केली, आणि १९४०च्या दशकात तिची चाचणी तयार झाली. इझाबेल यांनी त्याआधी रहस्यकादंबऱ्या लिहिल्या होत्या. लेखकांना ही पद्धत हाताशी वाटते त्याचं आम्हाला नवल वाटत नाही.

या पद्धतीनुसार आयएनएफपीचा मुख्य आधार म्हणजे आत वळलेली भावना. ‘हे माझ्या मनाला पटतं का?’ हा त्याचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. तो काहीतरी शुद्ध राखत असतो: एखादी मैत्री, एखादं गाव, एखादी भाषा. म्हणून त्याचा बळी बहुधा बदललेला माणूस असतो, ज्याने ते शुद्ध काहीतरी विटाळलं असं त्याला वाटतं. आयएनएफजेचा आधार आत वळलेलं अंतर्ज्ञान. त्याला पुढचं चित्र दिसतं, लखलखीत आणि पूर्ण, आणि माणसं त्या चित्रात बसवायची असतात. त्याचा बळी म्हणजे चित्रात न बसणारा माणूस, आणि पुष्कळदा तो त्याचाच सर्वात आवडता शिष्य असतो. अशा माणसाबद्दल युंग म्हणतात की तो दुसऱ्यांना पटवून देऊ शकत नाही, फक्त घोषित करू शकतो. त्याचं बोलणं अरण्यरुदन ठरतं. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर तो ऐकायला लावण्याचे मार्ग शोधतो. तिथून कादंबरी वळते.

पकड सुटते तेव्हाही दोघं वेगळे दिसतात, आणि लेखकाला उपयोग होतो तो इथे. आयएनएफपीची सर्वात कच्ची बाजू म्हणजे बाहेरची, व्यवहारी तर्कबुद्धी. तोल गेला की कविता करणारा माणूस याद्या करू लागतो. आकडे, नियम, वेळापत्रकं, सगळं कोरडं आणि थोडं आडमुठं, कारण हे हत्यार त्याने कधी वापरलेलंच नसतं. आयएनएफजेची कच्ची बाजू म्हणजे समोरचं, हाताला लागणारं जग. एरवी जेवणाचं भान नसलेला माणूस अधाशासारखा खाऊ लागतो, किंवा कपाटातल्या वस्तू इंचाइंचाने सरळ करत बसतो. कादंबरीत असा बदल दोनतीनदा, जाता जाता दाखवला की वाचक चाहूल ओळखतो.

कोणता प्रकार आपल्या हातात आहे हे कळत नसेल तर त्याच्या तोंडी एक वाक्य पूर्ण करून बघा: ‘मी हे केलं, कारण…’ पहिला म्हणेल, ‘कारण मला ते बघवेना.’ दुसरा म्हणेल, ‘कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं.’

चार अक्षरांवर मात्र फार भार टाकू नका. बहुतेक माणसं या जोड्यांच्या टोकांना नसतात, मधे असतात. जो अगदी मधे आहे त्याचं अक्षर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर बदलू शकतं. म्हणूनच संशोधनात आज पाच गुणांची मोजपट्टी जास्त वापरली जाते, तीही डब्यांत न टाकता कमी-जास्त अशी मोजून. पात्र सुरू करायला अक्षरं घ्या, आणि दुसऱ्या खर्ड्यात ती कागदावरून पुसून टाका.

मी एका दैनंदिन मालिकेची पटकथा लिहिते. खलनायिका निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते, सोसायटीची सेक्रेटरी आहे. आपली सोसायटी आदर्श व्हावी ही तिची खरी तळमळ. वाहिनीला रोज तिचा एक प्रसंग हवा. न बोलणारी बाई २२ मिनिटांच्या भागात दाखवायची कशी? तिचे विचार पार्श्वभूमीला आवाजात ऐकवू का?
(एक वाचक, गोरेगाव)

आवाज नको. तिच्या मनातला खटला प्रेक्षकाला ऐकू आला की प्रेक्षक तिचा श्रोता होतो, आणि तिचं एकटेपण संपतं. तिला श्रोता नाही हीच तर मूळ अडचण आहे.

तिचं हत्यार म्हणजे नियम, आणि तो नीट वापरायचा तर तुम्हालाही नियम माहीत हवेत. गृहनिर्माण संस्थांच्या २०१४च्या आदर्श उपविधींनुसार थकलेल्या मेंटेनन्सवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं. याहून कमी दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्यातल्या नवऱ्याची नोकरी गेली. महिना ४,००० रुपये याप्रमाणे बारा महिने थकले. थकबाकी ४८,०००. व्याज महिन्याला पावणेदोन टक्के. पहिल्या महिन्याच्या रकमेवर बारा महिन्यांचं, शेवटच्यावर एका महिन्याचं. बेरीज ५,४६०. तिने एक पैसाही जास्त लावलेला नाही. तिने फक्त एकच केलं: दर कमी करण्याचा विषय विषयपत्रिकेवर येऊच दिला नाही. हे न आणणं दाखवा. ती पेन हातात घेते, विषयपत्रिकेचा कागद बघते, सातव्या विषयानंतर ‘आयत्या वेळचे विषय’ लिहून टाकते आणि टोपण लावते.

याहून धारदार प्रसंग तारखेत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. मुंबईतल्या सोसायट्यांत गणपतीत कोकणातल्या कुटुंबांची बरीच दारं कुलूपबंद असतात, हे सेक्रेटरीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने सभा नेमकी तेव्हा ठेवली आणि नोटीस नियमाप्रमाणे लावली, तर कुणी बोट ठेवू शकणार नाही. फलकावर ती चार टाचण्या चारी कोपऱ्यांना सारख्या अंतरावर टोचते आहे, आणि मागून बॅगा घेऊन सावंतवाडीला निघालेलं तेच जोडपं ‘बाई, येतो हं’ म्हणतं. ती वळून हसते. ‘गणपतीला माझा नमस्कार सांगा.’ हा नमस्कार मनापासूनचा असू द्या. अभिनेत्रीने तो खोटा केला तर सगळं पात्र कोसळेल.

खरेपणा रोज थोडा लागतो. वॉचमनच्या मुलाला ती संध्याकाळी फुकट शिकवते हे तुमच्या संहितेत आहे, पण तुम्ही ते ‘मुखवटा’ म्हणून लिहिलं आहे. तसं करू नका. तिथे ती खरोखर मायाळू आहे, कारण तो मुलगा तिच्या चित्रात बसतो. ज्या दिवशी त्याची शाळा सुटेल आणि तो डिलिव्हरीच्या कामाला लागेल, त्या दिवशी माया कुठे जाते ते दाखवायला तुमच्याकडे शंभर भाग आहेत.

रोजच्या प्रसंगाची अडचण अशी सोडवता येईल: आठवड्याच्या सहा भागांपैकी एकाच भागात तिची कृती ठेवा. बाकी पाच दिवस तिची खूण दिसू द्या: फलकावरची नवी नोटीस, लिफ्टला लावलेलं वेळापत्रक, गच्चीच्या दाराचं नवं कुलूप. बोलतील ते इतर. तिचं वाक्य आठदहा शब्दांवर गेलं की कापा. चेहऱ्यावर तीनदा झटके देऊन कॅमेरा मारायची सवय तिच्यापुरती तरी बंद ठेवायला दिग्दर्शकाला विनंती करा. तिला आपण खलनायिका आहोत हे माहीत नाही, ते कॅमेऱ्यालाही माहीत नसावं.

माझा सतरा वर्षांचा मुलगा अबोल आहे. इंटरनेटवर चाचणी देऊन ‘मी आयएनएफपी’ म्हणतो, आणि ‘आमच्यासारखेच शेवटी खलनायक होतात’ असंही. मला काळजी वाटते. अशा लेखनाने शांत मुलांवर शिक्का बसत नाही का?
(एक आई, विलेपार्ले)

बसतो, आणि तो लेखकांच्या आळसामुळे बसतो. अबोलपणा डोळ्यांना चटकन दिसतो, म्हणून गूढ वाटायला तो वापरला जातो. प्रत्यक्षात अंतर्मुख असणं म्हणजे माणसांच्या गर्दीत थकणं आणि एकांतात ताजंतवानं होणं, एवढंच. त्यातून चांगुलपणा कळत नाही आणि दुष्टपणाही नाही. वर आम्ही ज्या पात्रांबद्दल लिहिलं ती शांत आहेत म्हणून घात करत नाहीत. ती विचारायचं सोडून देतात म्हणून करतात, आणि बडबडी माणसंही विचारायचं सोडतात. लेखकांना आमचं सांगणं आहे की अबोल खलनायक लिहाल त्या कथेत दुसरं एक अबोल माणूस योग्य बाजूला उभं करा. वरच्या एकांकिकेत ते काम काकू करू शकतील. मुलाला म्हणावं, तूच असं पात्र लिही. लिहिलं तर आमच्याकडे पाठव, आम्ही आवर्जून वाचू.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि नाटक बसवतो. असा खलनायक इतिहासात खरोखर सापडतो का, की ही लेखकांची कल्पना?
(एक शिक्षक, मुलुंड)

लेखकांनी अभ्यासावा असा एक माणूस आहे: फ्रेंच राज्यक्रांतीतला नेता मॅक्सिमिलियन रोब्सपिएर. त्याला चार अक्षरं चिकटवायची नाहीत. मेलेल्या माणसाची चाचणी घेता येत नाही. त्याची वाट मात्र टप्प्याटप्प्याने नोंदलेली आहे.

अरास गावचा वकील. पैशाला न विकला जाणारा म्हणून लोक त्याला ‘निष्कलंक’ म्हणत. पॅरिसमध्ये एका सुताराच्या घरी भाड्याने राहायचा. ३० मे १७९१ रोजी त्याने फ्रान्सच्या संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण केलं. ५ फेब्रुवारी १७९४च्या भाषणात तोच माणूस दहशतीला सद्‍गुणातून निघालेला, झटपट आणि कठोर न्याय म्हणत होता. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत त्याचं ध्येय बदललं नव्हतं. बदललं ते एवढंच, की विरोधक हा चुकीचं बोलणारा माणूस न राहता ध्येयाचा शत्रू झाला.

१० जून १७९४चा कायदा वर्गात आवर्जून वाचून दाखवा. क्रांतीच्या न्यायालयात आरोपीला वकील मिळणार नाही, दुसरा पुरावा असेल तर साक्षीदारांची गरज नाही, निकाल दोनच: सुटका किंवा मृत्यू. वर दादरच्या वाचकांना मनातल्या खटल्याबद्दल जे सांगितलं, ते इथे राज्याच्या कायद्यात उतरलेलं दिसतं.

त्याचा शेवट नाटककाराला आणखी शिकवतो. जूनच्या मध्यापासून तो सभागृहात येईनासा झाला. २६ जुलैला आला आणि लांबलचक भाषण केलं: कट शिजतोय, गद्दार इथेच बसलेत. ‘नावं सांगा!’ असा ओरडा झाला. त्याने नावं सांगितली नाहीत. आपलं नाव असेल या भीतीने रात्रीत सगळे एक झाले. दुसऱ्या दिवशी अटक, २८ जुलैला गिलोटीन. आत कोंडून ठेवायची जी सवय त्याला वर घेऊन गेली, तिनेच त्याला पाडलं. तुमच्या नाटकात खलनायकाला पोलिसांनी पकडायची गरज आहे का, ते यावरून तपासा. शाळेच्या नाटकासाठी २६ जुलैचा प्रसंग एकटा पुरेसा आहे: पंधरा मिनिटं, एक बोलणारा, वीसेक मुलं बाकांवर, आणि प्रत्येकाला आपल्याकडे बोट होईल याची धास्ती.

माझ्या कथेत लालबागच्या एका मंडळाचा हिशेबनीस आहे. अबोल, प्रामाणिक, वर्गणीचा पैसान् पैसा लोकांना दाखवायचा हा त्याचा ध्यास. ७०० रुपयांचा मेळ लागत नाही म्हणून तो जिवलग मित्राचं नाव फळ्यावर लिहितो. मित्राची नोकरी जाते, कुटुंब मुंबई सोडतं. अकरा वर्षांनी कळतं की एक पावतीपुस्तक मंडप सजवणाऱ्याच्या गाळ्यात राहिलं होतं. हिशेबनीस रडत माफी मागतो, मित्र मिठी मारतो. वाचणारे म्हणतात, शेवट खोटा वाटतो.
(एक वाचक, लालबाग)

खोटा वाटतो, कारण दोघांचा हिशेब एकच धरला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी दाखवून दिलं आहे की एकच घटना करणाऱ्याला लहान दिसते आणि सोसणाऱ्याला मोठी. करणारा ती सांगतो तेव्हा तिला सुरुवात असते, शेवट असतो, आणि ती मागे पडलेली असते. सोसणारा सांगतो तेव्हा ती अजून चालूच असते. तुमचा हिशेबनीस माफी मागेल ती एका संध्याकाळची: फळा, खडू, सात अक्षरं. मित्राकडे अकरा वर्षं आहेत. माफीच्या प्रसंगात ही दोन मापं एकमेकांवर आदळली पाहिजेत, आणि हिशेबात कधीही न चुकलेल्या माणसाची बेरीज इथे चुकली पाहिजे.

मित्राच्या तोंडी आरोप घालू नका, नोंदी घाला, हिशेबाच्या वहीसारख्या. आईने अकरा गणपती कुठल्याच मंडळाचा प्रसाद घेतला नाही. धाकट्याची शाळा दोनदा बदलली. मुंबईत आला की चिंचपोकळीहून गाडी जाताना अजून तो खिडकीची बाजू बदलतो. तीनचार पुरेत, आणि आवाज चढू देऊ नका.

मग मित्राने अकरा वर्षांपूर्वी न विचारलेल्या प्रश्नाबद्दलच विचारावं: ‘मला एकदा विचारलं का नाहीस?’ हिशेबनिसाला इथे सुटका देऊ नका. परिस्थिती, दबाव, लोक काय म्हणाले, यातलं काही त्याने पुढे करू नये. त्याला खरं उत्तर माहीत आहे. ‘विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.’ म्हणजे मित्र निर्दोष निघाला असता, आणि ७०० रुपयांचा मेळ न लागलेली वही घेऊन हिशेबनिसालाच सभेसमोर उभं राहावं लागलं असतं. हे कबूल करणं हाच त्याचा पश्चात्ताप, रडणं नको.

मिठी काढा. पावतीपुस्तक सापडल्याची बातमी शेवटून उचलून कथेच्या पहिल्या पानावर आणा. वाचकाला ती आधीपासून माहीत असली तर फळ्यावर खडू टेकतो तेव्हाच त्याच्या पोटात कालवेल. शेवटचं वाक्य मित्राचं ठेवायचं असेल तर ते लहान आणि कामाचं ठेवा. तो उठतो, चपला घालतो, आणि दारात थांबून विचारतो, ‘ते पुस्तक कुठाय आता?’